‘मॅड ॲट मी’ म्हणजे वेडा की रागावलेला?

वाळूजच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या, मूळच्या केजकडच्या एका तरुणानं प्रश्न पाठवलाय. अमेरिकेतल्या ग्राहकानं ड्रॉइंग उशिरा पाठवलं आणि सोबत लिहिलं, ‘आय होप यू आर नॉट मॅड ॲट मी.’ यानं तातडीनं कळवलं, ‘नो सर, आय ॲम मेंटली ऑलराइट.’ ऑफिसात हशा पिकला. आता तो विचारतो: मॅड म्हणजे वेडा ना? मग राग कुठून आला? आणि रागासाठी मॅड वापरायचं की अँग्री, पुढं ॲट लावायचं, विथ लावायचं की ऑन?

आधी कामाचं सांगते. त्या माणसानं तुला वेडं म्हटलेलं नाही. ‘माझ्यावर चिडला नाहीस ना?’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. उशीर त्याच्याकडून झाला, म्हणून त्यानं जरा नमतं घेतलं. ‘नॉट ॲट ऑल, थँक्स फॉर द ड्रॉइंग’ एवढं लिहिलं असतंस तरी भागलं असतं. अमेरिकेत ‘मॅड’ हा रागासाठीचा रोजच्या वापरातला शब्द आहे. पोरगं आईला विचारतं, ‘आर यू मॅड ॲट मी?’ बायको नवऱ्याला विचारते. तिथं वेडाबिडाचा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

तुला शाळेत शिकवलेला अर्थही खोटा नाही. तो इंग्लंडमधला आहे. तिकडच्या रोजच्या बोलण्यात ‘मॅड’चा पहिला अर्थ आजही वेडा, डोकं ठिकाणावर नसलेला असाच आहे, आणि आपली इंग्रजी तिकडूनच आली. आपल्या पोरांच्या तोंडी ‘म्याड झालास काय बे’ बसलंय ते त्याच अर्थानं. (लहान वर्गातली पोरं ‘म्याडम’ या शब्दातही ‘म्याड’ शोधून खिदळतात. मी आयुष्यभर तो विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकलाय. त्या दोन शब्दांचं काही नातं नाही. मॅडम फ्रेंचमधून आलीय.)

आता वेडातून राग कसा निघाला? हे समजायला इंग्लंड-अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. ‘त्याचं डोकं फिरलंय’ म्हटलं की आपण काय समजतो? माणूस उगाच आडवंतिडवं वागायला लागला, तरी डोकं फिरलं. पंपाची मोटर तिसऱ्यांदा जळाली आणि माणूस शेतातून लालबुंद होऊन घरी आला, तरी डोकंच फिरलं. ‘माझं डोकं फिरवू नको’ यात वेड कुठंच नाही, निव्वळ राग आहे. पिसाळणं बघ. कुत्रं पिसाळतं तो आजार असतो. सासरा पिसाळतो तो संताप असतो. भान सुटणं ही मूळ गोष्ट, मग ते आजारानं सुटो की रागानं. इंग्रजीतला ‘मॅड’ असाच चालत आलाय. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भ्रमिष्ट असा होता, आणि मध्ययुगीन इंग्रजीतच त्याला रागाचा अर्थ येऊन चिकटला होता.

म्हणजे रागाचा अर्थ अमेरिकेत जन्मला असं समजू नकोस. १६११ साली इंग्लंडात छापलेलं इंग्रजी बायबल घे. त्यातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागातल्या २६व्या अध्यायात पौल राजासमोर सांगतो की पूर्वी मी या लोकांवर भयंकर खवळलो होतो आणि त्यांचा छळ केला. तिथं ‘मॅड अगेन्स्ट देम’ असा शब्द आहे. त्याच अध्यायात, थोडं पुढं, फेस्तुस नावाचा सुभेदार मधेच ओरडतो की पौला, फार शिकून तू मॅड झालास. त्यावर पौल उत्तर देतो, ‘आय ॲम नॉट मॅड.’ एकाच अध्यायात, एकाच माणसाच्या तोंडी, एकदा राग आणि एकदा वेड. तुझं ग्राहकाला दिलेलं उत्तर म्हणजे थेट पौलाचं उत्तर आहे, फक्त प्रश्न तो नव्हता.

पुढं इंग्लंडात रागाचा अर्थ मागं पडला आणि अमेरिकेत तो जोमानं वाढला. तिकडच्या शिकलेल्या माणसांनाही तो आधी खटकायचा. जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडहून अमेरिकेत गेलेले पाद्री. पुढं प्रिन्स्टन झालेल्या कॉलेजचे ते प्रमुख होते, आणि १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. त्यांनी १७८१ साली अमेरिकन लोकांच्या बोलण्यातल्या खोडी काढणारे लेख लिहिले. ‘अमेरिकॅनिझम’ हा शब्द त्यांचाच. त्या खोडींत अँग्रीच्या जागी मॅड म्हणण्याची खोडही होती. लोकांनी विदरस्पूनचं ऐकलं नाही हे आता दिसतंच आहे. मास्तरांनी ओरडायचं आणि भाषेनं आपल्या वाटेनं जायचं, हे मला या धंद्यात राहून पटलेलं आहे.

एवढा इतिहास पुरे. तुला रोज लागणारी गोष्ट ही आहे की समोर आलेला ‘मॅड’ कुठला, हे ओळखायचं कसं. मी वर्गात सांगते की शब्दाकडं बघू नका, त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते बघा.

पहिली खूण जागेची. ‘मॅड’ नामाच्या आधी आला की तो जवळजवळ कधीच रागाचा नसतो. ‘मॅड डॉग’ म्हणजे पिसाळलेलं कुत्रं. ‘मॅड रश’ म्हणजे एसटी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकायची जी झुंबड उडते ती. १९८६ साली ब्रिटनमध्ये गायींच्या मेंदूचा जो रोग सापडला, त्याला वर्तमानपत्रांनी ‘मॅड काउ’ म्हटलं. ती गाय कुणावर रागावलेली नव्हती. ‘ए मॅड टीचर’ म्हणजे चक्रम मास्तर. ‘ॲन अँग्री टीचर’ म्हणजे रागावलेला मास्तर. अँग्रीला जागेचं बंधन नाही, तो नामाच्या आधीही रागाचाच राहतो. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाचा नायक ‘अँग्री यंग मॅन’ होता. त्याला ‘मॅड यंग मॅन’ म्हटलं असतं तर पोस्टर बघून लोक विनोदी सिनेमा समजून आले असते. तुझ्या पुतण्याच्या मोबाइलवरचा २००९ सालचा तो गोफणीचा खेळसुद्धा ‘अँग्री बर्ड्‌स’च आहे. म्हणून रागाचा मॅड वापरायचा तर तो क्रियापदाच्या मागून येऊ दे: ‘ही इज मॅड’, ‘शी लुक्स मॅड’.

दुसरी खूण मागच्या क्रियापदाची. ‘गेट मॅड’ म्हणजे चिडणं. ‘गो मॅड’ म्हणजे अमेरिकन माणसाच्या तोंडी वेड लागणं. इंग्रज माणसाच्या तोंडी मात्र ते वेड लागणंही असू शकतं आणि जाम भडकणंही. ‘माय डॅड विल गो मॅड’ असं लंडनचा पोरगा म्हणतो तेव्हा बापाला दवाखान्यात न्यायचं नसतं, बापापासून लपायचं असतं. ‘मेक मी मॅड’ म्हणजे राग आणणं, एका झटक्यात. ‘ड्राइव्ह मी मॅड’ म्हणजे हळूहळू जीव नकोसा करणं: शेजारच्या मंगल कार्यालयातला डीजे, रात्री बारापर्यंत. तो ‘ड्राइव्ह्‌ज मी मॅड’. वैताग.

तिसरी खूण शब्दयोगी अव्ययाची, म्हणजे ॲट, विथ, अबाउट यांची. इथं जरा थांबू, कारण आपल्याकडची ऐंशी टक्के पडझड इथं होते. (ही आकडेवारी नव्हे, माझं वैतागणं आहे.)

आपण म्हणतो, ‘साहेब माझ्यावर रागावले.’ ‘वर’ला इंग्रजीत ‘ऑन’, म्हणून ‘सर इज अँग्री ऑन मी’. हे वाक्य उदगीरपासून वैजापूरपर्यंत सगळीकडं ऐकू येतं. हिंदीवाल्यांच्याही तोंडी असतं, कारण त्यांच्याकडंही ‘मुझ पर’ आहे. आपल्या डोक्यात राग ही वरून खाली पडणारी गोष्ट आहे. वीज पडते, धाड पडते, तसा राग साहेबाकडून निघतो आणि माझ्यावर येऊन पडतो. इंग्रजीत राग समोर रोखलेला असतो. दगड मारताना ‘थ्रो ॲट’, बंदूक रोखताना ‘पॉइंट ॲट’, खेकसताना ‘शाउट ॲट’, तसाच ‘मॅड ॲट’ आणि ‘अँग्री ॲट’. नेम धरलेला आहे एवढं लक्षात ठेवलंस की ‘ऑन’ आपोआप सुटतो.

‘ऑन’ला एकच जागा आहे, आणि तीही मोठी चपखल आहे. घरून भांडून आलेला सुपरवायझर दिवसभर राग तुझ्यावर काढतो. राग दुसऱ्याचा, पडतो तुझ्यावर. तिथं इंग्रजीत ‘ही टुक इट आउट ऑन मी’ असंच म्हणतात. तेवढ्या वेळी आपला ‘वर’ त्यांनाही लागतो. वड्याचं तेल वांग्यावर काढलं की ‘ऑन’, बाकी वेळी नाही.

आता ॲट आणि विथ. माणसासाठी ‘अँग्री विथ’ आणि ‘अँग्री ॲट’ दोन्ही चालतं. इंग्रज माणूस ‘विथ’कडं झुकतो, अमेरिकन ‘ॲट’कडं. कान बारीक करून ऐकलं तर ‘विथ’ मला जरा मऊ वाटतं, जवळच्या माणसाबद्दलचं. हा माझ्या कानाचा निर्वाळा आहे, व्याकरणाचा नियम नाही. ‘मॅड’ला मात्र माणसासाठी सरळ ‘ॲट’ लाव. ‘मॅड विथ’ लावलंस की ऐकणारा पुढं भावनेचं नाव यायची वाट बघतो: ‘मॅड विथ ग्रीफ’, ‘मॅड विथ वरी’. दुःखानं वेडापिसा, काळजीनं वेडापिसा. ‘मॅड विथ मी’ ब्रिटनमध्ये ऐकू येतं, पण तू त्याच्या नादी लागू नको.

गोष्टीबद्दल, घटनेबद्दल राग असेल तर ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’. ‘शी इज अँग्री अबाउट द बिल.’ केल्या कृत्याबद्दल ‘फॉर’: ‘ही इज मॅड ॲट मी फॉर कमिंग लेट.’ माणसाला ॲट, कारणाला फॉर, एकाच वाक्यात दोन्ही. आणि ‘मॅड’ला ‘अबाउट’ लावताना सांभाळून, कारण तिथं खड्डा आहे. ‘शी इज मॅड अबाउट द बिल’ म्हणजे बिलावरून ती चिडली. ‘शी इज मॅड अबाउट हिम’ म्हणजे तिला त्याचं वेड लागलंय, ती प्रेमात आहे. ‘मॅड अबाउट क्रिकेट’ म्हणजे क्रिकेटवेडा. क्रिकेटवेडा, नाटकवेडा हे तर आपल्याकडंही आहेतच, त्यामुळं इथं तू अडखळणार नाहीस. फक्त मॅनेजर बाईंबद्दल मेलमध्ये ‘आय ॲम मॅड अबाउट हर’ लिहू नको. राग सांगायला जाशील आणि एचआरवाले बोलावून घेतील.

मॅड आणि अँग्री या दोघांच्याही बाबतीत एक खोलवरचा घोळ आहे, आणि तो पुस्तकात सहसा सापडत नाही. मराठीत राग येतो. मी काही करत नाही, तो येतो. मग तो चढतो, धुमसतो, निवळतो, जातो. ‘मला राग आला.’ राग हा वाक्याचा कर्ता, आणि मी नुसता त्याचा मुक्काम. इंग्रजीत तसा पाहुणा नाही. तिथं मीच अँग्री असतो. आपली पोरं मनातल्या मनात मराठी वाक्य उलटं करून ‘अँगर इज कमिंग टू मी’ म्हणतात किंवा ‘आय वॉज केम अँग्री’ म्हणतात. यावर मी एकच तोडगा देते. ‘राग आला’ला ‘गॉट’: ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट मॅड’. ‘राग आहे’ला ‘ॲम’: ‘आय ॲम अँग्री’. ‘राग गेला’ला ‘आय ॲम नॉट मॅड एनिमोर’. ‘अँग्रीड’ असा शब्द नाही. ‘डोन्ट अँग्री’ही नाही, ‘डोन्ट बी अँग्री’ म्हणायचं.

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत यात आणखी एक पेच पडतो. ‘कामून चिडायलास?’ ‘मला लई राग येऊलालाय.’ आपलं चालू वर्तमान इतकं जिवंत आहे की इंग्रजी बोलतानाही ‘आयएनजी’ लावायचा हात आवरत नाही. मग ‘व्हाय आर यू अँग्रिंग?’ असं काहीतरी जन्माला येतं. ‘कामून चिडायलास’चं इंग्रजी दोन प्रकारे होतं, आणि आधी ठरवावं लागतं की समोरचा आत्ता चिडत चाललाय की चिडून बसलाय. चिडत चालला असेल तर ‘व्हाय आर यू गेटिंग मॅड?’ चिडूनच बसला असेल तर ‘व्हाय आर यू मॅड?’ आपण एका ‘चिडायलास’मध्ये दोन्ही भागवतो.

मग ‘रागावणे’. या क्रियापदाला दोन तोंडं आहेत. ‘आई रागावली’ म्हणजे तिला राग आला, आणि ‘आई मला रागावली’ म्हणजे तिनं मला झापलं, गावाकडं म्हणतात तशी रागं भरली. इंग्रजीतला अँग्री फक्त पहिलं काम करतो. साहेब तोंडानं बोलले असतील तर ‘ही वॉज अँग्री विथ मी’ एवढ्यानं ते कळत नाही. मनातल्या मनात अँग्री राहून चहा पीत बसणारे साहेबही असतात. झापलं असेल तर ‘ही टोल्ड मी ऑफ’, आवाज चढवला असेल तर ‘ही येल्ड ॲट मी’. परत ॲट, लक्षात आलं ना? ‘स्कोल्ड’ हा शब्द आपल्या पुस्तकांनी फार चालवला, पण आजच्या बोलण्यात तो जुनाट वाटतो. मोठ्या माणसाबद्दल तर विचित्रच.

आणि रुसवा. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात जावई तोंड फुगवून बसतो, घड्याळ आलं पण गाडी नाही म्हणून, आणि चार म्हातारी माणसं त्याची समजूत काढत असतात. तो अँग्रीही नाही आणि मॅडही नाही. त्याला ‘सल्किंग’ म्हणतात. तणतणत उठून जानोशावर निघून गेला तर ‘ही लेफ्ट इन ए हफ’. रुसण्यात समोरच्यानं येऊन मनवावं ही अपेक्षा असते, रागात ती नसते. ‘सल्क’मध्ये ती अपेक्षा थोडी आहे, पण आपल्या रुसव्यातलं लाडिकपण नाही, इंग्रजीत सल्क करणारा बहुतेक वेळा नुसताच त्रासदायक ठरतो.

आता ऑफिस. तू ‘मॅड’ समजून घे, ऐकून उत्तर दे, पण स्वतः मेलमध्ये लिहू नको. अमेरिकन ग्राहकाशी फोनवर बरीच वर्षं बोलून ओळख झाली असेल, हसणं-खिदळणं असेल, तर ‘डोन्ट गेट मॅड, बट…’ म्हणायला हरकत नाही. लेखी मात्र तो घरगुती शब्द आहे. अँग्री लेखी चालतो, पण कामाच्या मेलमध्ये ‘आय ॲम अँग्री’ लिहिणं म्हणजे टेबलावर हात आपटणं. तिथले लोक राग कसा लिहितात ते बघून ठेव. ‘आय ॲम ए लिटल फ्रस्ट्रेटेड’ असं आलं तर माणूस चांगलाच तापलाय. ‘वुइ आर डिसअपॉइंटेड’ आलं तर वरच्या साहेबांना कळवायची वेळ झालीय. ‘वुइ आर कन्सर्न्ड’ आलं तर पुढची ऑर्डर हलायला लागलीय. आपल्याकडं ‘जरा बघून घ्या’ हे वाक्य कोण कुठल्या आवाजात म्हणतो त्यावर जसं सगळं ठरतं, तसंच हे.

घरातल्या-मित्रांतल्या बोलण्यात चढ साधारण असा असतो: अनॉइड म्हणजे कावलेला, मग मॅड किंवा अँग्री, मग फ्युरियस म्हणजे तळपायाची आग मस्तकात. ‘क्रॉस’ हा इंग्लंडचा घरगुती शब्द. आई लेकराला म्हणते तसा, लटक्याच्या जरा वरचा राग. अमेरिकन माणूस तो फारसा वापरत नाही. ‘व्हेरी फ्युरियस’ म्हणू नको, फ्युरियसमध्ये ‘व्हेरी’ आधीच भरलेलं आहे. म्हणायचंच तर ‘ॲब्सोल्यूटली फ्युरियस’. ‘व्हेरी मॅड’ चालतं, ‘सो मॅड’ आणि ‘रिअली मॅड’ जास्त बोललं जातं. भयंकर चिडलेल्याला ‘हॉपिंग मॅड’, म्हणजे रागानं थयथयाट करणारा.

एक शब्द फक्त ओळखून ठेव, तोंडात आणू नको: ‘पिस्ड’. अमेरिकेत म्हणजे संतापलेला, इंग्लंडात म्हणजे दारू पिऊन तर्र. दोन्हीकडं असभ्य. सहकाऱ्यानं ‘द बॉस इज पिस्ड’ लिहिलं तर आधी तो कुठल्या देशात बसलाय ते बघ आणि मग बॉसच्या केबिनमध्ये जा.

पोरांच्या तोंडी ‘मॅड’चे आणखी प्रकार सापडतील. गेम खेळताना ‘मॅड स्किल्स’ म्हणजे जबरदस्त कसब. ‘मॅड’ तिथं आपल्या ‘लई’चं काम करतो. ‘वर्क लाइक मॅड’ म्हणजे जीव तोडून काम करणं. एवढं पुरे.

अँग्री कुठून आला ते तू विचारलं नाहीस, पण तो शब्दही वाटतो तेवढा सरळ नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत त्याच्या मुळाचा अर्थ दुःख, क्लेश असा होता. त्याचा गोतावळा आवळलं जाणं, कोंडमारा होणं या अर्थाभोवतीचा आहे: ‘अँग्विश’, ‘अँक्शस’, जर्मन ‘आंग्स्ट’, आणि आपल्याकडं संस्कृतातला ‘अंहस्’ म्हणजे संकट, पाप. म्हणून असेल किंवा नसेल, पण डॉक्टर ‘ॲन अँग्री वुंड’ म्हणतो तेव्हा ती लाल झालेली, सुजून ठणकणारी जखम असते. आकाश आणि समुद्रही अँग्री असतात. आपल्याकडं गोदावरी खवळते, तसंच. भुकेनं चिडचिड करणाऱ्यासाठी ‘हंग्री’ आणि ‘अँग्री’ जोडून ‘हँग्री’ केलाय. तो २०१८ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात गेला. दोन वाजेपर्यंत भाकरी मिळाली नाही की माझा नवरा काय होतो, याला आता अधिकृत शब्द आहे.

वेड या अर्थाच्या ‘मॅड’बद्दल एक बजावून ठेवते. मानसिक आजार असलेल्या माणसाला इंग्रजीत ‘मॅड’ म्हणणं आता अपमान समजतात, आणि तो आहेच. आपल्या कायद्याच्या भाषेतही हा बदल दिसतो. १९१२च्या कायद्याच्या नावातच ‘लूनसी’ होतं. १९८७च्या कायद्यानं ‘मेंटली इल पर्सन’ आणलं, आणि २०१७च्या कायद्यात ‘पर्सन विथ मेंटल इलनेस’ आहे, म्हणजे माणूस आधी आणि आजार मागून. मित्रानं भलती कल्पना सांगितली तर ‘दॅट्स मॅड’ म्हणता येतं. माणसावर शिक्का म्हणून ते मारायचं नाही.

आता सराव. पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट तुला पाठ असणार. नाथ गोदावरीवर स्नान करून येतात, वाटेवर बसलेला एक जण अंगावर थुंकतो, नाथ परत नदीवर जातात, परत येतात, परत तेच. कथेत हे एकशेआठ वेळा होतं आणि शेवटी थुंकणाराच पाया पडतो. ही गोष्ट मी वर्गात इंग्रजीत सांगायला लावते, कारण सगळी गोष्टच राग न येण्याची आहे आणि वर सांगितलेलं सगळं तिच्यात लागतं. ‘ही वॉन्टेड टू मेक एकनाथ मॅड’ असं एकानं लिहिलं होतं. अमेरिकन माणूस यातून बरोबर अर्थ घेईल, पण इंग्लंडमधला म्हणेल, नाथांना वेड लावायचा कट होता की काय? दोघांना एकच कळावं असं हवं असेल तर ‘मेक एकनाथ अँग्री’. ‘एकनाथ डिड नॉट लूज हिज टेंपर’ हे मला सगळ्यांत आवडतं; टेंपर म्हणजे मनाचा तोल, नाथांनी तो सोडला नाही. आपल्याकडं मात्र ‘टेंपर’ म्हणजेच राग असं समजून ‘ही हॅज व्हेरी टेंपर’ म्हणतात, ते नको. तापट माणसाला ‘ही हॅज ए टेंपर’ एवढंच पुरतं. आणि थुंकणाऱ्याबद्दल विचारशील तर ‘स्पिट ऑन’ बरोबर आहे, ‘स्पिट ॲट’ म्हणजे त्या दिशेनं थुंकणं, अंगावर पडलंच असं नाही. गोष्टीत ते पडलंय.

चार-पाच वाक्यांत लिहून पाठव. थुंकण्यासाठी ‘ऑन’ येऊ दे, रागाच्या पुढं आला तर परत लिहायला लावीन.